सिगरेट जोडीने सोडताय? मग एकमेकांना सोबत कशी करायची ते आधी नीट ठरवा

आमच्याकडे सिगरेट सोडायची शपथ नेहमी टपरीवरच घेतली जाते, तीही हातातली शेवटची संपवता संपवता. तिघं जण एकमेकांच्या हातावर हात मारतात, "उद्यापासून बंद, कोणी ओढली तर त्याने पार्टी द्यायची" वगैरे. चौथ्या दिवशी एक जण पेटवतो, दुसरा त्याच्याकडे बघून पेटवतो आणि तिसरा म्हणतो जाऊ दे, मग मी एकट्यानेच काय करू. मी स्वतः असा दोनदा पडलोय. तिसऱ्यांदा जमलं ते माझ्यात काही जास्त ताकद आली म्हणून नाही, मी, मेहुणा आणि ऑफिसातला एक जण अशा आम्ही तिघांनी आधी बसून सोबत कशी करायची हे ठरवलं म्हणून. लोक सोडायची तयारी करतात, सोबतीची करतच नाहीत आणि गाडी तिथेच घसरते.

खालचे टप्पे क्रमानेच करा. चौथा टप्पा गाळून थेट सहाव्यावर उडी मारणारे खूप असतात.

टप्पा १: सोबती निवडा, पहारेकरी नको

दोघं किंवा तिघं, जास्तीत जास्त चार. दहा जणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये कोणाला तलफ आलीये हे कळायच्या आत वर पंधरा गुड मॉर्निंग येऊन पडतात.

सगळ्यात चांगलं म्हणजे तुमच्यासारखाच सोडणारा एक आणि सोडून वर्षभर झालेला एक. दुसरा असा मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण तिसऱ्या दिवशी "हे असंच राहणार का रे" असं विचारल्यावर खरं उत्तर त्याच्याकडेच असतं. मेहुणा आम्हाला असाच मिळाला, त्याची आमच्या दीड वर्ष आधी सुटली होती.

बायकोला किंवा आईला मुख्य सोबती करू नका. त्यांचा पाठिंबा पाहिजेच, पण ज्याच्याशी खोटं बोलावंसं वाटेल असा माणूस या कामाला चालत नाही. पहिल्या खेपेला बायको रोज शर्टाचा वास घ्यायची. त्यातून मी सिगरेट सोडायला नाही शिकलो, बडीशेप खायला आणि डिओ मारायला शिकलो. घरच्यांना वेगळं काम द्या, ते पुढे येतंय.

चेक: "मी आत्ताच एक ओढली" हे या माणसाला न लाजता सांगता येईल का? मनात जरा जरी "नको बाबा" आलं तर दुसरा माणूस बघा.

टप्पा २: आठवडाभर फक्त लिहा

या आठवड्यात काही सोडायचं नाही, कमीही करायचं नाही. प्रत्येक सिगरेटला मोबाईलमध्ये एक ओळ टाका: किती वाजता, कुठे, कोणाबरोबर, कशामुळे. आठवड्याच्या शेवटी याद्यांची अदलाबदल करा आणि एकमेकांची यादी मोठ्याने वाचा. हे ऐकायला बावळटपणाचं वाटतं पण खरा माल इथेच आहे. आपली यादी आपल्याला दिसत नाही, समोरच्याला लगेच दिसते. मला वाटायचं मी टेन्शनमुळे ओढतो. ऑफिसवाल्याने यादी वाचली आणि म्हणाला, अरे तुझ्या अकरापैकी सात चहाबरोबर आहेत, टेन्शन कुठंय यात?

आणखी एक गोष्ट लिहून ठेवा, उठल्यापासून किती मिनिटांत पहिली पेटते ते. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे असं समजायचं आणि पाचव्या टप्प्यातलं औषधाचं प्रकरण सिरियसली घ्यायचं.

टप्पा ३: तारीख, आणि सोमवार नको

दोन आठवड्यांच्या आतली तारीख घ्या, त्यापुढची तारीख म्हणजे टाळाटाळ. एक जानेवारी नको, आदल्या रात्री काय होतं ते तुम्हाला माहितीये.

आम्ही श्रावण धरला होता आणि मी तोच सुचवेन. निम्म्या मित्रमंडळींची दारू आणि मटण तसंही बंद असतं, त्यामुळे बसायला चल म्हणून फोन येत नाहीत आणि आलेच तर "श्रावण आहे रे" म्हटलं की विषय संपतो, सिगरेट सोडली हे जगाला सांगत बसावं लागत नाही. पण गटारीच्या दुसऱ्याच दिवशी सुरुवात करू नका, डोकं जड असताना कुठलंही शुभकार्य होत नाही, तीन-चार दिवस जाऊ द्या. आणि सोबत्याला पहिल्याच दिवशी सांगून टाका की ही श्रावणापुरती पाळलेली गोष्ट नाही, नाहीतर पोळा झाला की हात आपोआप खिशाकडे जातो.

सोमवार का नको? एक तर श्रावणी सोमवारी उपास असेल तर भूक आणि तलफ यांची सरमिसळ होते, पोट रिकामं असताना मेंदू सिगरेट मागतो आणि तुम्हाला वाटतं आपण हरलो. दुसरं म्हणजे सरकारी क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणारी सेवा, सोमवारी बंद असते. बाकी वार यादी बघून ठरवा. ऑफिसात जास्त ओढत असाल तर शनिवारी सुरू करा, घरी जास्त ओढत असाल तर कामाच्या दिवशी.

सगळ्यांनी एकाच दिवशी सोडायची का? रोज एकाच टपरीवर भेटत असाल तर हो, एकाच दिवशी. एकाच घरात दोघं ओढणारे असतील तरी तेच. वेगवेगळ्या गावात असाल तर आठवड्याचं अंतर चालतं, उलट बरं पडतं, कारण दोघांचे वाईट दिवस एकाच वेळी येत नाहीत.

हळूहळू कमी करत सोडावी की एकदम? माझं मत, तारीख ठरवून एकदम. रोज एक कमी करताना राहिलेली प्रत्येक सिगरेट दिवाळीच्या फराळासारखी गोड लागायला लागते.

टप्पा ४: बोलायचं काय हे आधी ठरवा

हा टप्पा सगळे गाळतात. तारखेच्या आधी एकदा बसा, टपरीवर नाही, घरी किंवा बागेत, आणि या चार गोष्टी ठरवा.

*इशारा.* तलफ आली की ग्रुपवर एकच शब्द टाकायचा, आमचा होता "पेटली". कारण सांगायचं नाही, सॉरी म्हणायचं नाही. तो शब्द दिसला की समोरच्याने पाच मिनिटांत फोन करायचा. फोन, मेसेज नाही. अंगठा, हात जोडलेले, गुलाबाचं फूल यातलं काहीही चालत नाही. तलफेची एक लाट साधारण पाच ते दहा मिनिटं टिकते, त्यामुळे काम एवढंच की ती दहा मिनिटं तो माणूस एकटा राहिला नाही पाहिजे.

*फोनवर काय बोलायचं.* सिगरेटबद्दल जवळजवळ काहीच नाही. "आत्ता कुठे आहेस? उठ, चालायला लाग, चालता चालता बोल." मग काल मॅचमध्ये काय झालं, गाडीचा आवाज येत होता तो थांबला का, पोराची ॲडमिशन कुठे आली. दहा मिनिटं झाली की विचारायचं, "आता किती आहे?" आणि फोन ठेवायचा.

*काय बोलायचं नाही.* "तुझ्यात विलपॉवरच नाही." "मी तर एका झटक्यात सोडली." "पोरांचा तरी विचार कर." हे तिन्ही डायलॉग आम्ही कागदावर लिहून त्यावर काट मारली होती. पोरांचा विचार त्याने आधीच केलेला असतो, म्हणून तर सोडतोय. फुफ्फुसाचे फोटो पाठवणंही बंद. तसला फोटो पाकिटावर रोज बघूनच आपण इथपर्यंत आलोय.

*कोण कधी मोकळा.* एकाची नाइट शिफ्ट असेल, दुसरा मीटिंगमध्ये असेल, तर त्या वेळेला दुसऱ्या कोणाचा नंबर हे लिहून ठेवा. फोन न उचलला जाण्यासारखी वाईट गोष्ट नाही, कारण त्यावेळी टपरी मात्र उघडी असते.

सावधान: पैज लावू नका. हजार रुपयाची पैज लागली की ओढलेली सिगरेट लपवायचं कारण मिळतं. त्यापेक्षा एक डबा ठेवा आणि रोज वाचलेले पैसे त्यात टाका. सिगरेट वीस रुपयाला धरली तर दिवसाला दहा ओढणाऱ्याचे महिन्याला सहा हजार होतात. घसरलात तरी डब्यातलं काही जाणार नाही हे आधीच ठरलेलं असू द्या.

टप्पा ५: आदल्या दिवशीची कामं

टपरीवरची उधारी चुकती करा. सोबत्याला घेऊन जा आणि टपरीवाल्याला सरळ सांगा की काका, उद्यापासून मागितली तरी देऊ नका. ते हसतील, पण आमच्या काकांनी एकदा खरंच दिली नाही. महाराष्ट्रात सुटी सिगरेट विकायला २०२० पासून बंदी आहे, तरी टपरीवर ती मिळतेच हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि आपण घसरतो ते त्या सुट्या एका सिगरेटवरच, अख्खं पाकीट घ्यायला माणूस जरा तरी विचार करतो.

घर, गाडी, ऑफिसचा ड्रॉवर, पावसाळी जॅकेटचा आतला खिसा, सगळीकडची पाकिटं आणि लायटर गोळा करा. सिगरेटी पाण्यात भिजवून मग कचऱ्यात टाका. नुसत्या डब्यात टाकल्या तर रात्री अकराला तुम्हीच डबा उपसत बसाल, मी बसलोय. घरच्यांचं काम इथे येतं: चादरी, पडदे, जॅकेट धुऊन टाकणं, खारे दाणे-फुटाणे-गाजराचे तुकडे भरून ठेवणं, आणि पुढचे दोन आठवडे आपली चिडचिड अंगावर न घेणं. हे शेवटचं त्यांना आधीच सांगा.

औषधाचं. निकोटिनचं च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतं, २ मिलिग्रॅमचं सहज, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरची चिठ्ठी लागते. उठल्याउठल्या अर्ध्या तासात ओढणाऱ्यांना बहुधा ४ चं लागतं. पॅच असतात, गोळ्याही असतात, त्या मात्र डॉक्टरला विचारूनच. हृदयाचा त्रास असेल, गरोदर असाल, डायबेटिसची, दम्याची, रक्त पातळ करायची किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर तारखेच्या आधी डॉक्टरला भेटा, कारण सिगरेट बंद झाल्यावर काही औषधांचा डोस बदलावा लागतो.

च्युइंगम निम्मे लोक चुकीचं खातात, साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावतात, मग उचकी लागते, मळमळतं, घसा जळतो आणि म्हणतात हे फालतू आहे. नीट पद्धत अशी: हळू चावायचं, तिखट चुणचुण जाणवली की थांबायचं आणि तंबाखूचा बार धरतात तसं गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचं. चुणचुण गेली की परत दोन-चारदा चावायचं, परत दुसऱ्या बाजूला धरायचं, असं अर्धा तास. तोंडात असताना आणि त्याच्या आधी १५ मिनिटं चहा, कॉफी, सरबत काही नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही. सुरुवातीला तासा-दोन तासाला एक, तलफेची वाट न बघता. दिवसाला २४ च्या वर कधीच नाही. एकमेकांना सोबत करण्यात हेही येतं, पहिलं च्युइंगम समोरासमोर बसून खा आणि कोण चुकतंय ते बघा.

चेक: राष्ट्रीय क्विटलाइनचा नंबर १८००-११-२३५६ सगळ्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह आहे का? फुकट आहे, सोमवार सोडून सकाळी ८ ते रात्री ८. हा नंबर पाकिटावरच छापलेला असतो. मी तो कितीतरी दिवस खिशात घेऊन फिरलो आणि कधी वाचलाच नाही.

टप्पा ६: पहिले तीन दिवस

निकोटिन अंगातून साधारण दोन-तीन दिवसांत निघून जातं आणि त्रास सगळ्यात जास्त त्याच काळात होतो. चिडचिड, डोकं जड, झोप उडणं, सतत भूक, बद्धकोष्ठ, कोणाकोणाला खोकला उलट वाढतो. हे सोबत्याला पाठ पाहिजे, कारण तिसऱ्या दिवशी तुम्ही त्याला म्हणणार आहात की "सिगरेट होती तेव्हा मी बरा होतो". त्याने वाद घालायचा नाही. "तिसरा दिवस आहे" एवढंच म्हणायचं.

या तीन दिवसांत इशाऱ्याची वाट बघू नका. सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर आणि संध्याकाळी ऑफिस सुटताना, असे तीन फोन ठरलेले. प्रत्येकी दोन मिनिटं पुरतात.

आता चहा. धुरातल्या काही घटकांमुळे ओढणाऱ्याचं शरीर कॅफिन भराभर बाहेर टाकत असतं. सिगरेट बंद झाली की तेवढाच चहा-कॉफी जास्त चढतो, धडधडतं, हात थरथरतो, रात्री झोप नाही, आणि खापर फुटतं सिगरेट सोडण्यावर. म्हणून पहिल्या दिवसापासून चहा निम्मा करा. राहिलेला निम्मा टपरीवर नाही, ऑफिसच्या पॅन्ट्रीत किंवा घरी, आणि उभ्याने नाही, बसून. उजव्या हातात सिगरेट असायची तर कप उजव्या हातात धरा.

सावधान: सिगरेटऐवजी मावा, तंबाखू-चुना, गुटखा यातलं काही सुरू झालं तर त्याला सोडणं म्हणत नाहीत. आपल्याकडे ही भीती खरी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठली ना कुठली तंबाखू वापरणारे निघाले, त्यात धूर काढणारे फक्त ३.८ टक्के, म्हणजे बाकी बहुतेक जनता चघळणारी आणि मिश्री लावणारी. पुडी पुढे करणारा हात शेजारच्याच खुर्चीवर असतो. व्हेपचा तर विचारही नको, देशात २०१९ पासून बंदी आहे आणि निकोटिन त्यातही असतंच.

टप्पा ७: चौथ्या दिवसापासून महिनाभर

इथे धोका बदलतो. अंगाची ओढ कमी होते पण आता आपण सुटलो असं वाटायला लागतं आणि सोबतीही ढिले पडतात. फोन तीनवरून एकावर आणा, बंद करू नका. दर रविवारी एकदा प्रत्यक्ष भेटा, चालायला, टेकडीवर, कुठेही, जिथे बसून प्यायची सोय नाही अशा जागी.

दारूला महिनाभर रजा. ही अट जाचक वाटते हे मान्य आहे. पण दुसऱ्या पेगनंतर कोणीही "पेटली" टाइप करत नाही, सरळ पेटवतो.

वजनाबद्दल एकमेकांना टोमणे मारू नका. बऱ्याच जणांचं वर्षभरात चार-पाच किलो वाढतं. "सिगरेट सोडली आणि पोट धरलं" हा विनोद ऐकून परत सुरू केलेला माणूस माझ्या ओळखीत आहे. संध्याकाळी अर्धा तास जोडीने चाला, तलफेलाही तेच औषध आहे.

चेक: कोणाचं दोन आठवडे सलग मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल तर फोनवर गप्पा मारून भागणार नाही, डॉक्टरकडे पाठवा. जगणं नको असं कोणी बोललं तर थांबू नका, त्याच क्षणी टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, लावा आणि त्याच्याजवळ जा.

टप्पा ८: कोणी घसरलं तर

घसरेल, बहुतेक जण एकदा तरी घसरतात. सांगणारा सांगतोय यातच अर्धं काम झालंय, तेव्हा पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस". त्यानंतर चारच प्रश्न: कुठे? कोणाबरोबर? त्याच्या आधी काय झालं होतं? आणि उरलेलं पाकीट आत्ता कुठंय? चौथा सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच कोणी विचारत नाही. पाकीट खिशात असेल तर फोन चालू ठेवूनच त्याला ते नळाखाली धरायला लावा.

दिवसांची मोजणी शून्यावर आणू नका. "१९ दिवसांत एक" असं लिहा. शून्य दिसलं की माणूस म्हणतो आता गेलंच आहे तर आजचा दिवस ओढून घेऊ.

त्याला समजवायला टपरीवर भेटू नका. आमचा ऑफिसवाला घसरला तेव्हा मी मोठ्या प्रेमाने टपरीवर गेलो आणि माझाच हात पुढे जायला लागला, बरं झालं मेहुण्याचा फोन आला.

सलग तीन दिवस ओढली गेली तर ती घसरण नाही, परत सुरू झालंय, तसं स्पष्ट बोला. यादी काढून काय हुकलं ते बघा, आठवड्याच्या आत नवी तारीख घ्या आणि या वेळी औषधाशिवाय नको. तो तयार नसेल तर त्याला सोडून द्या, मैत्री नाही, फक्त ही जोडी. तुमचा स्वतःचा सोबती बदला आणि काही दिवस या जुन्या सोबत्याशी फोनवरच बोला. त्याच्याबरोबर आपणही ओढली तर त्याला बरं वाटेल असल्या भानगडीत पडू नका.

टप्पा ९: तीन महिन्यांनंतर

रोजचा फोन आठवड्यावर आणा, वार ठरवून. आता तलफ रोज येत नाही, प्रसंगाला येते: हळद, वरात, कॉलेजचं गेट-टुगेदर, विसर्जनाची रात्र, कोणाचं तरी दहाव्याचं जेवण. असा प्रसंग आधीच माहीत असतो, म्हणून निघण्यापूर्वी ग्रुपवर टाकायचं, "आज अमुक ठिकाणी आहे, अकरापर्यंत." मग सोबत्याने साडेनऊला आपणहून फोन करायचा, इशारा आलेला नसला तरी. एखादा ओळखीचा "एकाने काय होतंय" म्हणत पुढे करेल, त्याला उत्तर देत बसू नका, फोन कानाला लावून बाहेर या.

डब्यातले पैसे कशाला वापरायचे हे तिघांनी मिळून ठरवा, फक्त बसायला नको. आमच्या डब्यातून तीन सेकंडहँड सायकली आल्या. मेहुण्याच्या धाकट्या भावाच्या हळदीला मी "पेटली" तीन वेळा टाकलं होतं आणि तिसऱ्या वेळी मेहुणा फोन न करता मांडवातून उठून, हळदीच्या हातांनीच, माझ्या शेजारी येऊन बसला.